वजा चाळीस अंश, तेही नागपुरात

गाडी २०१६ ची. पेट्रोल, चार सिलिंडर, साधी हॅचबॅक. मार्चपर्यंत तिची काही तक्रार नव्हती, एप्रिलच्या मध्यापासून मात्र लक्षणं बदलली. सिग्नलला उभी असताना आरपीएमचा काटा उगाच खालीवर व्हायचा. हिरवा लागला की अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही ती क्षणभर अडखळायची आणि मग एकदम उसळी मारायची. डॅशबोर्डवरचा इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा एक दिवस लागायचा, काही दिवसांनी आपोआप विझायचा, पुन्हा एखाद्या खड्ड्यानंतर लागायचा. अ‍ॅव्हरेजही घसरलं होतं, पण मे महिन्यात नागपुरात एसीशिवाय गाडी कोण चालवतं? त्यामुळे त्यावरून काही ठरवता येत नव्हतं.

ओळखीच्या गॅरेजात नेली. तिथल्या भाऊने एक चक्कर मारली, स्कॅनर लावला आणि लगेच सांगून टाकलं, "मॅप सेन्सर गेला, भाऊ. त्याच्यानंच पिकअप नाही घेऊन राहिली. नवीन टाकून घ्या, झंझटच नाही." सेन्सर साडेतीन हजारांचा, मजुरी वेगळी. आणि इलेक्ट्रिकल पार्टचं पाकीट एकदा फोडलं की दुकानदार तो परत घेत नाही, हे तर सगळ्यांनाच ठाऊक आहे.

मी होकार देणारच होतो, पण स्कॅनरच्या पडद्यावर बिघाडाचे एक नाही, दोन कोड होते. पी०१०८ आणि पी०११३. दुसऱ्याबद्दल विचारलं तर "तो त्याच्यासोबतच येते" असं उत्तर मिळालं. सोबत का येतो, हे काही केल्या डोक्यातून जाईना. म्हटलं, सेन्सर आठवडाभराने घेतला तरी चालेल, आधी स्वतः बघू.

सामान फार लागलं नाही. ब्लूटूथचं ओबीडी अ‍ॅडॅप्टर, म्हणजे गाडीच्या संगणकातले कोड आणि आकडे फोनवर आणणारी डबी, ऑनलाइन मागवलं, व्होल्टेज आणि रोध मोजायचा मल्टिमीटर घरात होताच, फोनवर अ‍ॅप टाकलं. अ‍ॅडॅप्टर घेताना एक बघायचं: जुन्या पद्धतीचं ब्लूटूथ अँड्रॉइडवर चालतं, आयफोनला वायफायवालं किंवा ब्लूटूथ एलईवालं लागतं. अगदी स्वस्तातल्या नकली चिपवाल्या अ‍ॅडॅप्टरमध्ये काही आज्ञा चालतच नाहीत आणि मग आपण गाडीला दोष देत बसतो, म्हणून थोडे जास्त पैसे गेलेले बरे. ते लावायचा सोळा पिनांचा सॉकेट स्टिअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ असतो. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलांपासून तो प्रत्येक कारला सक्तीचा झाला. आपल्याकडे भारत स्टेज ४ या प्रदूषणाच्या नियमांच्या काळात आला, त्यामुळे गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत सापडतोच.

कोड वाचायची रीत सोपी आहे. पहिलं अक्षर पी असेल तर तक्रार इंजिन-गिअरबॉक्सची. त्यापुढे शून्य असेल तर कोड सर्व कंपन्यांना समान, एक असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. तिसऱ्या जागी एक म्हणजे हवा आणि इंधन मोजण्याचा विभाग. पी०१०८ चा पूर्ण अर्थ असा: मॅप सेन्सरच्या सर्किटमधून येणारं व्होल्टेज असायला हवं त्याहून जास्त. पी०११३ चा: आत येणाऱ्या हवेचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमधलं व्होल्टेज जास्त. दोन्हीकडे शब्द आहे 'सर्किट'. त्यात सेन्सर आला, कनेक्टर आला, वायरी आल्या आणि पलीकडच्या टोकाचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणकही आला. कोड म्हणजे एफआयआर. त्यात नाव आलं म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही, आणि आपल्याकडे तर नाव आलेल्यालाच आधी आत टाकायची सवय.

मॅप सेन्सर म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणारा. या दाबावरून ईसीयू ठरवतो की किती हवा आत आली आणि किती पेट्रोल सोडायचं. माझ्या गाडीत, आणि अशा बहुतेक गाड्यांत, दाब आणि हवेचं तापमान मोजणारे दोन्ही सेन्सर एकाच प्लास्टिकच्या तुकड्यात बसवलेले असतात. कनेक्टर एकच, वायरी चार: पाच व्होल्टचा पुरवठा, दाबाचा सिग्नल, तापमानाचा सिग्नल आणि दोघांत मिळून एक ग्राउंड, म्हणजे करंट परत नेणारी वायर.

अ‍ॅप जोडलं ते सकाळी, गाडी रात्रभर थंड झाल्यावर. याला कारण आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत कूलंटचं तापमान, आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि बाहेरचं तापमान ही तिन्ही जवळजवळ सारखी असायला हवीत. चावी ऑन केली, इंजिन चालू केलं नाही. कूलंट ३३ अंश. बरोबर, मेमध्ये नागपूरची सकाळ तेवढीच असते. आत येणारी हवा: वजा ४०.

ज्या गावात त्या आठवड्यात दुपारी पारा ४४ च्या वर जात होता, तिथे माझ्या इंजिनाला वाटत होतं की आपण सायबेरियात उभे आहोत. हा वजा चाळीस कुठून येतो तेही बघण्यासारखं आहे. ओबीडीमध्ये हे तापमान एका बाइटमध्ये पाठवतात, म्हणजे ० ते २५५ यांतला एक आकडा, आणि वाचताना त्यातून ४० वजा करायचे असा नियम आहे. शून्य आलं की वजा ४०. याहून थंड सांगायची सोयच नाही. म्हणून पडद्यावर नेमका वजा ४० दिसला की तो हवामानाचा आकडा नसतो. वायर कुठेतरी सुटली आहे, असं समजायचं.

त्यामागचं गणितही सरळ आहे. तापमानाचा सेन्सर म्हणजे एक थर्मिस्टर. थंडीत त्याचा रोध वाढतो, उन्हात कमी होतो. ईसीयू आपल्याकडून पाच व्होल्ट एका रोधकातून पाठवतो आणि मधलं व्होल्टेज मोजतो. रोध जास्त तर व्होल्टेज जास्त, व्होल्टेज जास्त तर हवा थंड. वायर तुटली तर रोध अनंत, व्होल्टेज थेट पाच, आणि ईसीयूच्या लेखी कडाक्याची थंडी.

दाबाचा आकडा तितकाच अजब होता. इंजिन बंद असताना मॅनिफोल्डमध्ये वातावरणाचाच दाब असतो. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर उंचीवर, म्हणजे आकडा ९७ किलोपास्कलच्या आसपास यायला हवा. पुण्यात तो ९४-९५ दिसेल, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास. गाडी कुठे उभी आहे हे माहीत असेल तर मॅप सेन्सर तपासायला वेगळं उपकरण लागत नाही. माझ्या पडद्यावर होते १२०. एवढा दाब हवा असेल तर समुद्रसपाटीच्या खाली जवळपास दीड किलोमीटर खोल उतरावं लागेल.

आता दोन कोड सोबत का येतात ते उलगडायला लागलं. दाबाचा सेन्सर आणि तापमानाचा सेन्सर एकाच डबीत असले तरी आतून स्वतंत्र आहेत. दोघंही एकाच दिवशी, एकाच दिशेने, एकाच वेळी मरणं कठीण. दोघांत सामायिक काय? पाच व्होल्टचा पुरवठा फक्त दाबवाल्याला लागतो. दोघांच्या मध्ये आहे ती फक्त ग्राउंडची वायर. ती तुटली की करंटला परत जायची वाट राहत नाही आणि दोन्ही सिग्नल वर, पाच व्होल्टकडे ओढले जातात. 'व्होल्टेज जास्त', 'व्होल्टेज जास्त'. भाऊचं "सोबतच येते" हे निरीक्षण अगदी बरोबर होतं. त्याने पुढचं विचारलं नाही, एवढंच. दिवसाला वीस गाड्या बघणाऱ्याला वायर शोधत बसणं परवडतही नाही, सेन्सर बदलणं परवडतं.

अर्थात हे सगळं अजून कागदावरच होतं. त्याच संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, मुलीला ड्रायव्हरच्या सीटवर फोन घेऊन बसवलं. दहावीची परीक्षा संपल्यामुळे ती मोकळीच होती. चावी ऑन. मी बॉनेट उघडून सेन्सरच्या कनेक्टरपासून सुरुवात केली. कनेक्टर हलवला. "वजा चाळीस." वायरींचा जुडगा दोन बोटांत धरून हळूहळू मागे सरकत गेलो, प्रत्येक वितीवर थोडा वाकवत. "वजा चाळीस. वजा चाळीस. बाबा, किती वेळ?" एअर फिल्टरच्या डब्याच्या मागे, जिथे जुडगा खाली वळून बॅटरीच्या ट्रेकडे जातो, तिथे बोट लागलं आणि आतून आवाज आला, "बेचाळीस! नाही, वजा चाळीस. पुन्हा बेचाळीस!" मी दाबतोय-सोडतोय आणि ती शेअर बाजारासारखे आकडे ओरडतेय, असा तमाशा थोडा वेळ चालला. शेजारचे काका फाटकापाशी येऊन "सगळं ठीक आहे ना?" विचारून गेले.

जागा सापडली तरी मी मल्टिमीटरने खात्री करून घेतली, कारण वायर कापण्याआधी कोणती कापायची हे माहीत हवं. माझ्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम मिळवून ठेवला होता. कनेक्टर काढला, चावी ऑन. काळी प्रोब बॅटरीच्या मायनसला लावून पुरवठ्याच्या पिनवर मोजलं: ४.९९ व्होल्ट. तापमानाच्या सिग्नल पिनवरही जवळपास पाच. म्हणजे ईसीयूकडून जे यायचं ते येतंय. मग लाल प्रोब बॅटरीच्या प्लसला लावली आणि काळी ग्राउंडच्या पिनला. ग्राउंड खरंच ग्राउंड असेल तर इथे बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज, साडेबाराच्या आसपास, दिसायला हवं. मीटरवर काहीतरी दशांशात फडफडत होतं. एक सावधगिरी इथे सांगायला हवी. मीटर स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे तुटत आलेल्या वायरीतली केसाएवढी एक तार जरी लागलेली असेल तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो आणि आपण फसतो. म्हणून मोजताना वायर हलवत राहायची.

सेन्सरही तपासला. कनेक्टर काढलेला असतानाच थर्मिस्टरच्या दोन पिनांमधला रोध मोजला. १.१ किलोओहम. या जातीचे सेन्सर २० अंशांना अडीच किलोओहम दाखवतात आणि ४० च्या पुढे सव्वा-एकच्या खाली येतात, म्हणजे संध्याकाळच्या उकाड्याला शोभेल असाच आकडा. हेअर ड्रायरची हवा मारली तर आणखी उतरत गेला. जो सेन्सर बदलायला निघालो होतो, त्याची तापमानाची बाजू ठणठणीत होती.

शेवटची चाचणी मला सर्वांत आवडली. कनेक्टर परत बसवला, त्याच्या मागच्या बाजूने ग्राउंडच्या वायरीशेजारी एक बारीक सुई सरकवली आणि तिथून एक वायर थेट बॅटरीच्या मायनसला जोडली. पडद्यावर हवा ४२ अंश आणि दाब ९७. दोन्ही आकडे एकदम माणसात आले.

इथे अनेक जण थांबतात. वायर बॉडीला बांधून टाकायची, गाडी चालते, विषय संपला. मी ते केलं नाही. सेन्सरचं ग्राउंड बॉडीला नसून ईसीयूकडे परत जातं, त्याला कारण आहे. स्टार्टर, अल्टरनेटर, रेडिएटरचा पंखा, इग्निशन कॉइल या सगळ्यांचा मोठा करंट बॉडीतून वाहतो आणि त्यामुळे बॉडीवरचं शून्य हे कधीच नेमकं शून्य नसतं. अशा सेन्सरमध्ये दशांश व्होल्ट म्हणजे साधारण अडीच किलोपास्कल. हेडलाइट लावले, पंखा सुरू झाला की दाबाचा आकडा डुलणार आणि पेट्रोलचा हिशोब त्याच्यासोबत. तपासणीपुरतं ठीक, दुरुस्ती म्हणून नाही.

दुरुस्ती दुसऱ्या दिवशी पहाटे. मेमध्ये सकाळी नऊनंतर पाना हातात धरवत नाही. बॅटरीचं मायनस टर्मिनल दहाच्या पान्याने काढलं, एअर फिल्टरचा डबा उचलला, आणि त्याच्याखाली जे दिसलं त्यावर काही भाष्य करायची गरज नव्हती. बॉनेटच्या आतल्या अस्तराचा ओरबाडलेला कापूस, वाळलेल्या पोळीचा तुकडा, लेंड्या. उंदराने बसायची जागा छान निवडली होती, बॅटरीची ऊब आणि वर छप्पर. जुडग्यावरचा काळा फ्लेक्झिबल पाइप वितीएवढा सोलला होता. आत तीन वायरींच्या इन्सुलेशनवर दातांचे ठसे, आणि काळ्या वायरीचं तांबं हिरवट पडून दोन-तीन केसांवर लटकत होतं. गाडी खड्ड्यात आपटली की ते केस सुटायचे, गुळगुळीत रस्त्यावर पुन्हा टेकायचे. दिवा आपोआप का विझायचा ते इथे कळलं. दोष पुन्हा दिसला नाही तर गाडीच्या सलग तीन फेऱ्यांनंतर ईसीयू दिवा बंद करतो, कोड मात्र स्मृतीत ठेवतो.

जोडणीबद्दल मतं दोन आहेत. एक म्हणतं क्रिंप करा, म्हणजे तारा धातूच्या नळीत घालून दाबून जोडा, कारण सोल्डर जिथे संपतं तिथे वायर कडक होते आणि इंजिनाच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते. दुसरं म्हणतं चांगल्या क्रिंपिंगसाठी चांगलं हत्यार लागतं, पक्कडीने दाबलेलं क्रिंप सोल्डरपेक्षा वाईट. माझ्याकडे चांगलं हत्यार नव्हतं. हिरवं पडलेलं तांबं मागे चमकदार तार लागेपर्यंत कापून टाकलं. दोन टोकांत ताण येऊ नये म्हणून त्याच जाडीच्या वायरीचा तुकडा मध्ये घातला. आतून गोंद असलेली, गरम केली की आकसून बसणारी हीट श्रिंक ट्यूब आधी वायरीत ओवून ठेवली, नंतर तारा एकमेकींत गुंफून सोल्डर केलं, ट्यूब सरकवून गरम केली. दोन जोड एकाच जागी न ठेवता पुढेमागे घेतले, म्हणजे जुडगा फुगत नाही. जखमी पण न तुटलेल्या दोन वायरींनाही तेच कवच. मग सगळ्यावर हार्नेससाठी मिळते ती कापडी टेप. साधी पीव्हीसी टेप इथे वापरू नये. आमच्याकडच्या उन्हाळ्यात तिचा गोंद विरघळून चिकट काळा चिखल होतो आणि टेप सुटून लोंबते. शेवटी नवा पाइप घालून जुडगा ट्रेला टायने बांधला, जोड आलेला भाग अजिबात हलणार नाही असा.

बॅटरी जोडली, चावी ऑन. कूलंट ३२, हवा ३३, दाब ९७. अ‍ॅपमधून कोड पुसले. पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट काढून ठेवला होता. दोष नोंदला गेला त्या क्षणीचा वेग, आरपीएम आणि तापमान त्यात असतं आणि कोड पुसला की तेही जातं. घाईघाईने कोड पुसून बघण्याची सवय म्हणूनच वाईट. इंजिन सुरू करून गरम होऊ दिलं. आयडलिंगला दाब ३२-३३ वर स्थिरावला, एसी लावल्यावर चाळिशीकडे गेला, आरपीएमचा काटा जागचा हलला नाही. मग हिंगण्याकडे मुद्दाम खराब रस्त्याने एक चक्कर मारली. पिकअप पूर्ववत. नंतरचे काही दिवस रोज संध्याकाळी 'पेंडिंग' कोड बघत होतो, म्हणजे दिवा लागण्याआधी जे आत जमा होतात ते. रिकामे.

हे घरी सगळ्यांनी करावं असं मी म्हणणार नाही. पिवळ्या कनेक्टरच्या वायरी एअरबॅगच्या असतात, तिकडे मल्टिमीटर घेऊन जाऊच नये. पेट्रोलच्या दाबाखालच्या लाइनचंही तेच. पण कोड वाचणं, चावी ऑन करून आकडे बघणं आणि वायर हलवून पाहणं यात गाडीचं काही बिघडत नाही, आणि एवढ्यावर पार्ट घ्यायचा की नाही हे बऱ्याचदा ठरतं. अ‍ॅडॅप्टर मात्र काम झालं की काढून ठेवावं, सॉकेटला गाडी बंद असतानाही वीज असते आणि बॅटरी हळूहळू उतरते.

राहता राहिला उंदीर. कॉलनीत प्रत्येकाकडे यावर रामबाण उपाय आहे. डांबरगोळ्या झाल्या, चार दिवसांत उडून गेल्या आणि एसीच्या हवेला वास तेवढा राहिला. तंबाखूची पानं बॅटरीशेजारी बांधली, ती ओढून त्याच कापसात नेऊन ठेवलेली सापडली. शेवटी गाडी कचऱ्याच्या डब्यापासून लांब लावायला लागलो आणि खालून वर यायच्या दोन जागा स्टीलच्या बारीक जाळीने बंद केल्या, पट्टे आणि एक्झॉस्ट यांपासून अंतर ठेवून. जाळी अजून शाबूत आहे. शेजारच्या काकांनी मात्र परवा त्यांच्या गाडीचं बॉनेट उघडून विचारलं, "अहो, हा कापूस कुठून आला?"